टर्बोची किंमत किती?

सबमिशनच्या आठवड्यात घरून फोन आला की पोटात गोळाच येतो. त्या दिवशी मात्र बाबा निवांत होते. म्हणाले, "अगं, आपल्या गाडीला यंदा पंधरा वर्षं होतायत. एक जण एक लाख दहा हजार द्यायला तयार आहे. रविवारी येणार आहे उत्तर घ्यायला. तू मेकॅनिकलला आहेस ना? मग तूच सांग, गाडीची खरी किंमत किती?"

आमची गाडी म्हणजे २०११ ची काळी फियाट लिनिया टी-जेट. बाबा साताऱ्याला बँकेत आहेत. गाडी घेतली तेव्हा मी पाच वर्षांची होते. आत्या म्हणाली होती, "एवढ्या पैशात डिझेल आली असती की!" त्यावर बाबांचं एकच उत्तर, "हिच्यात टर्बो आहे." टर्बो म्हणजे काय हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. आता वाटतं, बाबांनाही फारसं नसावं!

थर्मोच्या व्हायव्हाला सरांनी टर्बोचार्जर विचारला होता तेव्हा मी धडाधड बोलले होते. पण 'किंमत' हा प्रश्न सिलॅबसच्या कुठल्याच युनिटमध्ये येत नाही. मग चार दिवस जरा वाचलं, सीनियर्सना पिडलं आणि नाना पेठेतल्या एका गॅरेजवाल्या काकांकडे जाऊन बसले. त्यातून जे कळलं ते इथे मांडते आहे. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या.

टर्बो म्हणजे नक्की काय?

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. जास्त पेट्रोल सोडणं सोपं आहे, जास्त हवा आणणं अवघड. साध्या इंजिनात पिस्टन खाली जातो आणि बाहेरची हवा जेवढी आत येईल तेवढ्यावर भागवतो. म्हणजे मेसमध्ये ताट घेऊन उभं राहायचं आणि वाढपी वाढेल तेवढंच खायचं. जास्त हवं असेल तर एक उपाय म्हणजे ताटच मोठं घ्यायचं. अमेरिकेने वर्षानुवर्षं तेच केलं. पेट्रोल स्वस्त, रस्ते सरळसोट, म्हणून पाच-सहा-सात लिटरची व्ही-८ इंजिनं मध्यम आकाराच्या गाडीत बसवायची. अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात.

दुसरा उपाय म्हणजे ताट तेवढंच ठेवायचं आणि दाबून वाढायचं. टर्बो हेच करतो.

पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरवाटे धुराबरोबर निघून जातो. या वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायची कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांची. त्यांचं पेटंट १९०५ सालचं आहे, म्हणजे टर्बो ही काही काल-परवाची गोष्ट नाही. एका छोट्या दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एका बाजूच्या पंख्यावर गरम धूर आदळतो आणि तो फिरतो. दांडा एकच असल्याने दुसऱ्या बाजूचा पंखाही फिरतो, आणि तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. कारमधला छोटा टर्बो मिनिटाला लाख-दीड लाख फेरे सहज घेतो. आपल्या हॉस्टेलचा पंखा तीनशेवर गेला तरी वाटतं आता पडतोय डोक्यात!

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. हवा दाबली की ती तापते. समजा, ३० अंश सेल्सिअसची हवा १.८ पट दाबली. आदर्श गणिताने ती ८५ अंशांवर जाईल. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर १०९ अंशांच्या आसपास. गरम हवा विरळ असते, त्यामुळे दाब १.८ पट झाला तरी प्रत्यक्षात हवा १.४३ पटच भरते. म्हणून वाटेत इंटरकूलर लावतात, म्हणजे हवेचा रेडिएटर. त्यात हवा ५० अंशांवर आणली तर तोच आकडा १.६९ होतो. शिवाय हवा फार गरम असेल तर स्पार्कने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. जास्त दाबाच्या इंजिनात ते चालू राहिलं तर पिस्टन गेलाच म्हणून समजा.

एवढं एक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. टर्बोचा सगळा जोर उष्णतेतून येतो, आणि त्याची वाटही उष्णताच लावते.

घाटात काय होतं?

लिनियाच्या साध्या पेट्रोल मॉडेलचं इंजिन १३६८ सीसीचं होतं. टी-जेटचंही १३६८ सीसीचंच. साधीला ९० पीएस आणि ११५ न्यूटन-मीटर टॉर्क, टी-जेटला ११४ पीएस आणि २०७ न्यूटन-मीटर. (पीएस म्हणजे आपल्या ब्रोशरमधली अश्वशक्ती. हॉर्सपॉवरपेक्षा जेमतेम दीड टक्क्याने लहान.) पॉवर पाहिली तर फरक फक्त सव्वा पटीचा. मग बाबा एवढे खूश का असायचे?

उत्तर टॉर्कमध्ये आहे. टी-जेटचा पूर्ण टॉर्क २२०० आरपीएमलाच मिळतो. टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. २२०० आरपीएमला हा गुणाकार टी-जेटसाठी साधारण ६५ पीएस येतो. साध्या लिनियाचा कमाल टॉर्क ४५०० आरपीएमला मिळतो. तो २२०० ला मिळाला असं उदारपणे धरलं तरी ३६ च्या वर जात नाही. म्हणजे पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी चढताना पुढे ट्रक आहे, गाडी चौथ्या गिअरमध्ये आहे, तेव्हा एकीला गिअर पाडून बोंब मारावी लागते आणि दुसरी नुसता पाय दाबला की निघते. ब्रोशरमधला मोठा आकडा पाच-सहा हजार आरपीएमचा असतो. रोजच्या रस्त्यावर तिथे जातंय कोण?

एक मात्र खरं. २००० च्या खाली टी-जेट झोपलेली असते. धूर कमी, त्यामुळे पंखा हळू, त्यामुळे हवा कमी. मग एकदम जाग येते आणि पाठ सीटला चिकटते. याला टर्बो लॅग म्हणतात. आजच्या गाड्यांत तो बराच कमी झालाय. पण जुन्या टर्बोवाल्यांना विचारा, ते त्या धक्क्याबद्दलच प्रेमाने बोलतील.

तिकडची काळी गाडी

माझी रूममेट रोज रात्री केंड्रिक लमारचा २०२४ चा 'जीएनएक्स' अल्बम लावते. सगळा फ्लोअर ऐकतो, पण नावाचा अर्थ कुणाला माहीत नव्हता. जीएनएक्स ही एक गाडी आहे. आमच्यासारखीच काळी, टर्बोवाली, आणि मसल कारच्या देशात जन्मलेली. जुन्या टर्बो गाडीची किंमत कशी ठरते हे समजायला तिच्याहून चांगलं उदाहरण नाही. पण तिच्याआधी तिच्या थोरल्या बहिणीची गोष्ट.

१९६२ साली जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबाइल विभागाने जेटफायर नावाची गाडी काढली. साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८, वर टर्बो, २१५ हॉर्सपॉवर. नॉकिंग थांबवायला त्यांनी एक युक्ती केली होती. पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण एका टाकीत ठेवायचं आणि दाब वाढला की ते इंजिनात फवारायचं. नाव दिलं होतं 'टर्बो रॉकेट फ्लुइड'. ऐकायला झकास! पण टाकी संपली की गाडी स्वतःहून टर्बोचा दाब कमी करायची. लोक टाकी भरायला विसरायचे आणि तक्रार करायचे की गाडी मरतुकडी झाली. शेवटी कंपनीनेच गिऱ्हाइकांच्या गाड्यांवरचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास जेटफायर बनल्या होत्या. त्यातल्या कितीतरींचे टर्बो असे निघून गेले. आज जेटफायर शोधणारा माणूस आधी बॉनेट उघडून एकच गोष्ट बघतो, मूळ टर्बो जागेवर आहे का?

आता जीएनएक्स. सत्तरच्या दशकात पेट्रोल महागलं, प्रदूषणाचे नियम आले आणि मोठ्या व्ही-८ चा जोर ओसरला. ब्युइक ही तशी आजोबा लोकांची कंपनी. त्यांनी ३.८ लिटरच्या व्ही-६ ला टर्बो लावला, १९८६ मध्ये इंटरकूलर जोडला, आणि १९८७ च्या ग्रँड नॅशनलला २४५ हॉर्सपॉवर मिळाली. त्याच वर्षी त्याच कंपनीच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारची होती २४०. म्हणजे घरातल्या हिरोला घरातल्याच काकांनी मागे टाकलं! त्या मॉडेलच्या शेवटच्या वर्षी मोठा टर्बो आणि चांगला इंटरकूलर लावून फक्त ५४७ गाड्या वेगळ्या बनवल्या. त्या जीएनएक्स. कागदावर २७६ हॉर्सपॉवर. एका अमेरिकन मासिकाने घेतलेल्या चाचणीत शून्यापासून ताशी ६० मैलांना ४.७ सेकंद. १९८७ साली हा आकडा इटालियन स्पोर्ट्स कारवाल्यांना घाम फोडणारा होता.

नवी असताना ती सुमारे ३० हजार डॉलरला मिळायची. आज जवळजवळ न चालवलेली जीएनएक्स लिलावात दोन लाख डॉलरच्या वर जाते. ऐकून आमच्या फ्लोअरवर एकदम शांतता पसरली. पण जरा गणित करूया. महागाई धरली तर १९८७ चे ३० हजार म्हणजे आजचे साधारण ८५ हजार. म्हणजे खरी वाढ अडीच पटीच्या आसपास, तीही जवळपास चाळीस वर्षांत, आणि तीही गॅरेज, विमा, देखभाल यांचा खर्च न धरता. त्यावर कडी म्हणजे ही किंमत त्या गाड्यांना मिळते ज्या कुणी चालवल्याच नाहीत. त्या काळची एवढी वेगवान गाडी घ्यायची आणि कापड टाकून ठेवायची!

दुसरी गोष्ट. त्याच वर्षी साध्या ग्रँड नॅशनल वीस हजारांवर बनल्या. तोच रंग, तेच मूळ इंजिन. त्यांना मागणी आहे, पण जीएनएक्सच्या किमतीच्या जवळपासही त्या जात नाहीत. म्हणजे पैसा नुसत्या हॉर्सपॉवरला मिळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या

गंमत म्हणजे टर्बो-पेट्रोलची आपल्याकडची गोष्टही महाराष्ट्रातच घडली. स्कोडाने २००१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ऑक्टेव्हिया बनवायला घेतली. २००४ मध्ये तिची व्हीआरएस आली. १.८ लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, टर्बो, १५० पीएस. युरोपातल्या व्हीआरएसला १८० होते, आपल्याला १५० मिळाले. तरी त्या काळात आपल्याकडे टर्बो म्हटलं की ट्रक आणि डिझेल जीपच डोळ्यांसमोर यायची, त्यामुळे हे प्रकरण वेगळंच होतं.

मग आपलं रांजणगाव. गणपतीला जाताना जी एमआयडीसी लागते तिथे फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना आहे. लिनिया २००९ मध्ये आली, टी-जेट २०१० मध्ये. २०१५ मध्ये तेच १३६८ सीसीचं इंजिन १४५ पीएसपर्यंत वाढवून पुंटोमध्ये बसवलं आणि अबार्थ पुंटो आली. २१२ न्यूटन-मीटर, शून्य ते शंभर ८.८ सेकंद, आणि दिल्लीची एक्स-शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार. त्या पैशात तेवढा जोर दुसरं कुणी देत नव्हतं. पण खप झाला नाही. बीएस-६ चे नियम १ एप्रिल २०२० ला आले, त्याआधीच २०१९ मध्ये फियाटने भारतात स्वतःच्या नावाच्या गाड्या बंद केल्या. कारखाना चालू आहे, आता तिथे जीप बनतात.

आता जरा चाकणकडे बघा. तिथे बनणाऱ्या स्लाव्हियाचं दीड लिटरचं टर्बो इंजिन १५० पीएस देतं, म्हणजे २००४ च्या व्हीआरएसएवढेच. तिच्यातल्याच एक लिटरच्या तीन सिलिंडरवाल्या इंजिनाला ११५ पीएस आहेत. आमच्या टी-जेटला ११४! म्हणजे परफॉर्मन्सच्या परीक्षेत आमची गाडी आजच्या साध्या सेडानकडून एका मार्काने हरली.

आणि तरीही, २०२० मध्ये ऑक्टेव्हिया आरएसच्या २०० गाड्या बाहेरून आल्या, संपल्या. २०२५ मध्ये फक्त १०० आल्या, प्रत्येकी ४९ लाख ९९ हजार रुपये, त्याही बुकिंग उघडल्यावर काही मिनिटांत संपल्या. या घेणाऱ्यांतले किती जण २००४ मध्ये कॉलेजात असतील आणि सिग्नलला उभ्या असलेल्या पिवळ्या व्हीआरएसकडे बघत बसले असतील, विचार करा.

मग किंमत कशाची?

नाना पेठेतल्या काकांना मी हे सगळं सांगितलं. ते चहा पीत ऐकत होते. म्हणाले, "ताई, गाडी नवी असते तेव्हा ती काय करते त्याचे पैसे. जुनी झाली की तिला काय काय केलं गेलं त्याचे पैसे."

यावरून मी चार मुद्दे काढले. एक, किती बनल्या. दोन, त्यातल्या मूळ स्थितीत किती उरल्या. तीन, कागद आहेत का, म्हणजे बिलं, सर्व्हिसच्या नोंदी. चार, जी पिढी ती गाडी लहानपणी बघून वेडी झाली तिच्या हातात आता पैसा आला आहे का. पहिला मुद्दा कंपनी ठरवते, चौथा काळ ठरवतो. मधले दोन मात्र मालकाच्या हातात असतात.

आणि इथेच उष्णता परत येते. टर्बोच्या धुराकडच्या बाजूला तापमान ९०० अंशांच्या वर जाऊ शकतं. तो लाख फेऱ्यांचा दांडा बॉल बेअरिंगवर नाही, बहुतेक टर्बोत तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेच तेल त्याला थंडही ठेवतं. जोरात चालवून गाडी लगेच बंद केली तर तेलाचा प्रवाह थांबतो, आत अडकलेलं तेल करपतं, त्याचा कोळसा होतो. एकदा केलं तर काही होत नाही. रोज केलं तर काही वर्षांत बेअरिंग जातं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आम्ही साताऱ्याला जाताना खंबाटकी चढलो की खामजाईच्या देवळापाशी थांबायचो. बाबा गाडी बाजूला घेऊन त्याच क्षणी चावी फिरवायचे, पेट्रोल वाचावं म्हणून! तेल बदलायचं तेही "पुढच्या महिन्यात बघू" करत लांबायचं. २०१७ मध्ये गाडी निळा धूर सोडायला लागली. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. साताऱ्यातल्या मेकॅनिकने टर्बो खोलून तो काळा पडलेला दांडा माझ्या हातात ठेवला. मी अकरा वर्षांची होते. बिल बाबांच्या महिन्याभराच्या पगाराला भिडलं. आई चार दिवस बोलली नाही. तेव्हापासून बाबा थांबल्यावर एक मिनिट इंजिन चालू ठेवतात, तेल वेळेच्या आधी बदलतात आणि प्रत्येक बिल एका निळ्या फाइलमध्ये लावतात. मी मेकॅनिकलला आले त्याला तो काळा दांडाही थोडा कारणीभूत आहे.

आता माझी चूक. सेकंड इयरला मला वाटायचं, टी-जेट आणि अबार्थ यांचं इंजिन एकच ना, मग रीमॅप करू. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलायचा, टर्बोचा दाब वाढवायचा, ११४ चे १४५! मी काकांना हेही विचारलं. ते हसले. अबार्थला नुसता आकडा वाढवला नव्हता, सस्पेन्शन खाली आणून कडक केलं होतं, ब्रेकही तसे दिले होते. पंधरा वर्षं जुन्या क्लचवर, जुन्या होज पाइपवर जास्त दाब टाकला तर पैसे दोनदा जातात, एकदा करताना आणि एकदा निस्तरताना. असा बदल आरटीओ आणि इन्शुरन्सपासून लपवला तर अपघाताच्या वेळी क्लेम अडकू शकतो ते वेगळंच. आणि मूळ स्थिती गेली ती गेलीच. जेटफायरवाल्यांनी टर्बो काढून किंमत घालवली, आपण जास्तीचा जोर घालून घालवतो. प्रकार एकच.

बाबांना दिलेलं उत्तर

शनिवारी रात्री मी घरी गेले आणि बाबांना वहीत तीन आकडे लिहून दाखवले.

पहिला, बाजारभाव. तो समोर आला आहे, एक लाख दहा हजार.

दुसरा, ठेवण्याचा खर्च. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पण गाडी भंगारात काढावीच लागते असं नाही. आरटीओमध्ये तपासणीत पास झाली तर पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी होते. एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याची फी ५ हजार रुपये आहे, वर पर्यावरण कर. वीस वर्षं ओलांडली की फी १० हजार. शिवाय आता पंपावर ई-२० पेट्रोल मिळतं. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करतं, पण त्यात ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. जुनी गाडी त्यासाठी बनलेली नाही, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील यांच्यावर लक्ष ठेवायला लागेल. जिचं उत्पादनच थांबलं आहे तिचे पार्ट शोधायला वेळही जाणार.

तिसरा, संग्राहकाची किंमत. इथे मी खरं तेच लिहिलं. आज जवळजवळ शून्य. लिनिया चार दारांची फॅमिली सेडान, तिच्यासाठी कुणी लिलावात हात वर करणार नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी व्हायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. आमची २०६१ मध्ये होईल. तेव्हा मी पंचावन्नची असेन! गुंतवणूक म्हणून ठेवायची असेल तर विकून पैसे एफडीत टाकलेले बरे.

बाबा वही बघत बसले. म्हणाले, "म्हणजे द्यायची?" मी म्हटलं, "बाबा, हिशोबाने द्यायची. पण ही एक अशी टी-जेट आहे जिचं सगळं मूळ आहे आणि २०१७ पासूनचा प्रत्येक कागद आहे. दुसरी अशी शोधायची म्हटली तर मिळेल की नाही सांगता येत नाही. ठेवायची असेल तर चालवायला ठेवू, विकायला नाही." आई आतून म्हणाली, "दोघांनी मिळून एकच काय ते ठरवा, पोहे गार होतायत."

रविवारी तो माणूस आला. गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बघितले, इंजिन चालू केलं आणि बंद केलं. बाबांनी निळी फाइल पुढे केली. तो म्हणाला, "काका, कागद काय करायचेत, आरसी असली की झालं." बाबांनी फाइल परत काखेत धरली आणि म्हणाले, "नाही, द्यायची नाही आम्हाला." एवढंच. एक लाख पंधरा, एक लाख वीस असं तो म्हणत राहिला, पण बाबा चपला घालून त्याला फाटकापर्यंत सोडायला निघालेसुद्धा.

पुढच्या महिन्यात साताऱ्याच्या आरटीओत तपासणी आहे. बाबांनी अट घातली आहे की यापुढचं ऑइल माझ्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून येणार.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी किंवा मामाच्या गोठ्यात अशी एखादी जुनी टर्बो गाडी उभी असेल तर तीन गोष्टी करा. घाट चढून आलात की बंद करायच्या आधी मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवा. तेल वेळेवर बदला, आणि तेही कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घ्या. आणि बिलं फेकू नका. किंमत वाढेल की नाही हे मी सांगू शकत नाही. पण उद्या कुणी "हिची खरी किंमत किती" असं विचारलं, तर निदान उत्तर द्यायला हातात काहीतरी असेल.